बँकेच्या शेअरचें मोल

शेअर घेणारा विचारी गृहस्थ प्रथम पाहतो तें हें कीं, वर्षाकाठीं मिळणाऱ्या एका रुपयाच्या नफ्यास आपण किती रुपये मोजीत आहोंत. बाजारभावास दर शेअरमागील नफ्यानें भागिलें म्हणजे हा आंकडा मिळतो. परंतु वाढतें झाड आणि खुंटलेलें झाड यांस एकच मोल कसें लावावें? म्हणून त्या उत्तरास नफ्याच्या वार्षिक वाढीच्या टक्क्यांनीं पुन्हां भागावयाचें. एक आलें तर भाव रास्त, एकाहून कमी आलें तर स्वस्त. हा ठोकताळा अमेरिकेंतील पीटर लिंच यांच्या १९८९ सालच्या पुस्तकामुळें फार लोकप्रिय झाला. त्रैराशिक शिकलेल्या मुलासही तो वापरतां येईल. मोह आहे तो इथेंच.

येस बँकेचें उदाहरण घ्या. मार्च २०१८ अखेर तिचा शेअर सुमारें ३०५ रुपयांस होता व दर शेअरमागें नफा सुमारें १८ रुपये. भागाकार १७ च्या आसपास. त्या वर्षीं एकूण नफा सुमारें २७ टक्क्यांनीं वाढला होता. दुसरें उत्तर आलें सुमारें ०.६, म्हणजे शेअर स्वस्त! (आदल्या वर्षीं नवे शेअर विकले गेल्यामुळें दर शेअरमागील वाढ याहून बरीच कमी होती, पण ती धरली तरी भाव रास्तच ठरत होता.) पुढें ५ मार्च २०२० रोजीं त्याच बँकेंतून ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास कांहीं दिवस बंदी झाली, आणि २०१९-२० सालीं तिला १६,००० कोटींहून अधिक तोटा आला.

भागाकार चुकला नव्हता. कापडाच्या गिरणीनें माल विकून पैसे घेतले कीं तो व्यवहार संपला. बँकेचा माल म्हणजे उसना दिलेला पैसा. व्याज आज नफ्यांत जमा होतें, पण मुद्दल परत येईल कीं नाहीं हें वर्षांनुवर्षें कळत नाहीं. बुडीत कर्जांसाठीं नफ्यांतून किती रक्कम बाजूस काढावयाची, हें पुष्कळसें बँकेच्याच अंदाजावर असतें. अंदाज सौम्य केला कीं नफा फुगतो व पहिला भागाकार लहान होतो. शिवाय सढळ हातानें कर्जें वांटलीं कीं वाढ फुगते व दुसराही लहान होतो, कारण नवें कर्ज पहिल्याच वर्षीं सहसा बुडत नाहीं. एकच दोष असा दोनदां शेअरला स्वस्त दाखवितो.

म्हणून बँकेच्या बाबतींत थकलेल्या कर्जांचा आंकडा आधीं पाहावा, भागाकार मागाहून करावा. ३१ मार्च २०१७ रोजीं येस बँकेनें आपलीं थकीत कर्जें सुमारें २,०१८ कोटींचीं दाखविलीं होतीं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणींत तीं सुमारें ८,३७३ कोटींचीं निघालीं. ही तफावत ऑक्टोबर २०१७ मध्येंच जाहीर झाली होती.