चिमूट, चमचा आणि जुडी

हळदीत पालकाच्या वीसपट लोह असतं, हे वाक्य तसं खरं आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम हळदपुडीत ५५ मिलिग्रॅम लोह दिलंय आणि शंभर ग्रॅम कच्च्या पालकात २.७. असा आकडा फोनवर फिरू लागला की पालेभाजी न आवडणाऱ्या घरांत दिवाळी लवकर येते. पण वरणात हळद पडते ती अर्धा छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम, आणि ते वरण चौघं जेवतात. एकेकाच्या वाटीत त्यातलं लोह येतं ०.२ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. तेव्हा पालक निवडायला घ्यावाच लागतो.

मसाल्यांच्या पोषणमूल्यांची तुलना करणारे बहुतेक तक्ते इथेच घसरतात. आकडे खरे असतात, पण ताटात काय पडतं त्याच्याशी मापाचा मेळ बसत नाही. भात, डाळ, भाजी आपण शंभर ग्रॅमच्या हिशेबात खातो. मसाला चिमटीने खातो, चटणी चमच्याने आणि कोथिंबीर कधी चिमटीने तर कधी जुडीने. तुलना करायची तर ती या तीन मापांची करायला हवी, असं माझं मत आहे.

शिवाय तक्तेही एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे असे तक्ते करण्याचं काम मुख्यतः हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला सुरू केलेल्या छोट्या प्रयोगशाळेतून ही संस्था वाढली. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचं भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं पुस्तक आहारतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं; २०१७ साली संस्थेने ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टकं काढली. आता जिऱ्यातलं लोह बघा. अमेरिकी तक्ता शंभर ग्रॅमला ६६ मिलिग्रॅम सांगतो, गोपालन यांचं पुस्तक सुमारे १२ आणि नवी कोष्टकं वीसच्या आसपास. यात कुणी लबाडी केलेली नाही. वाण वेगळं, जमीन वेगळी; त्यात खळ्यावरची माती आणि दळताना यंत्राचं झिजलेलं लोखंडही पुडीत उतरतं. अशा आकड्यांवरून ‘जिरं श्रेष्ठ की हळद श्रेष्ठ’ असा सामना लावण्यात अर्थ नाही.

दुसरी गफलत पाण्याची. हिरव्या कोथिंबिरीत शंभरातले ९२ ग्रॅम पाणीच असतं. धण्यात जेमतेम नऊ. त्यामुळे कॅल्शियम कोथिंबिरीत ६७ मिलिग्रॅम आणि धण्यात ७०९ दिसलं तरी बिचकू नये. एकाच झाडाची ही दोन रूपं, एक ओलं आणि एक कोरडं. उलट कोथिंबिरीचं जे खरं धन, म्हणजे शरीरात ज्याचं ‘अ’ जीवनसत्त्व होतं ते कॅरोटीन, ते हिरव्या पानातच असतं. शंभर ग्रॅमला जवळजवळ चार हजार मायक्रोग्रॅम. आमटीवर भुरभुरलेल्या दोन-तीन ग्रॅम कोथिंबिरीतून त्यातलं शंभरेक मायक्रोग्रॅम मिळतं. पण कोथिंबीर वडी करायची झाली तर अख्खी जुडी लागते. निवडून शंभर-सव्वाशे ग्रॅम पानं उरली आणि चौघांनी वड्या खाल्ल्या, तर दरडोई हजार मायक्रोग्रॅम सहज होतं. वाफवण्यात थोडं जात असेल, पण वड्या तेलात परतल्याचा फायदाही आहे, कारण कॅरोटीन स्निग्धाबरोबरच नीट शोषलं जातं. इथे कोथिंबीर सजावट राहत नाही, चक्क भाजी होते.

कढीपत्त्याची गंमत याच्या उलटी. गोपालन यांच्या पुस्तकात त्याचं कॅल्शियम शंभर ग्रॅमला ८३० मिलिग्रॅम, कॅरोटीन साडेसात हजार मायक्रोग्रॅम. डोळे दिपावेत असे आकडे. प्रत्यक्षात फोडणीत आठ-दहा पानं पडतात, ती एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, आणि जेवणारा ती वेचून ताटाच्या कडेला लावतो. कढीपत्ता पोटात जावा असं वाटत असेल तर त्याची चटणीच करावी: पानं मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, सुकं खोबरं, तीळ, लसूण, लाल मिरची घालून कुटायचं. मग पानं वेचून काढायची सोयच राहत नाही.

मराठी ताटाच्या डाव्या बाजूला मसाल्याचं अन्न होतं, ते असं. तीळ, कारळे, जवस, खोबरं, शेंगदाणे, लसूण. ही मंडळी फोडणीतल्या मोहरीसारखी नाममात्र येत नाहीत, भाकरीबरोबर दोन-दोन चमचे जातात. असडी तिळात, म्हणजे साल न काढलेल्या तिळात, शंभर ग्रॅमला ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम. दहा ग्रॅम तीळ पोटात गेले तर शंभरच्या जवळ; प्रौढाची गरज दिवसाला हजार. मात्र बाजारात जे पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ मिळतात त्यांचं साल गेलेलं असतं, आणि अमेरिकी तक्त्यात अशा सोललेल्या तिळाचं कॅल्शियम फक्त ६० आहे. सालातलं सगळं कॅल्शियम अंगी लागतं असंही नाही, कारण त्यातलं बरंचसं ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. तरीही संक्रांतीचे लाडू करताना मी मळकट दिसणारे असडी तीळच घेईन.

जवसाचं तर विदर्भाने शहाण्यासारखं केलंय. त्यातलं ओमेगा-३ मेदाम्ल शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या पुढे जातं, पण अख्खं बी टणक सालीमुळे बरंचसं न पचताच बाहेर पडतं. भाजून कुटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि जवसाची चटणी म्हणजे नेमकं भाजणं आणि कुटणं. फक्त महिन्यांचा साठा करून ठेवू नये. हे तेल लवकर खवट होतं.

मिरचीकडे वळू. आपण तिला तिखटपणासाठी ओळखतो, पण पोषणशास्त्रात तिच्या गोतावळ्याचं नाव वेगळ्याच कारणाने मोठं आहे. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३०च्या दशकात ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळालं ते तिथल्या पाप्रिका मिरचीतून. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ताज्या हिरव्या मिरचीत शंभर ग्रॅमला २४० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असतं, संत्र्याच्या चौपटीहून जास्त. पाच ग्रॅमची एक मिरची भाकरीबरोबर चावली तर बारा मिलिग्रॅम. वाळवून तिखट केलं की यातलं बरंच जातं, मागे राहतो तो मुख्यतः रंग आणि जाळ. आणि तिखटाची दुसरी बाजूही आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधल्या एका अभ्यासात तरुणींच्या लोहयुक्त जेवणात ४.२ ग्रॅम सुक्या मिरचीची पूड घातली, तेव्हा लोहाचं शोषण ३८ टक्क्यांनी घटलं. त्याच अभ्यासात हळदीने मात्र काही बिघडवलं नाही.

हळदीची कीर्ती खरं तर लोहाची नाहीच, ती तिच्यातल्या कुर्क्युमिन या द्रव्याची. साध्या हळदपुडीत कुर्क्युमिन तीनेक टक्के असतं आणि ते आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की बरोबर मिऱ्यातलं पिपरिन दिलं तर माणसांत हे शोषण वीसपट वाढतं. पुढे हळद-मिरी घातलेलं दूध जगभरच्या कॉफीच्या दुकानांत पोचलं. पण त्या प्रयोगात कुर्क्युमिन दोन ग्रॅम होतं. तेवढं हळदीतून मिळवायचं तर साठ-पासष्ट ग्रॅम हळद दुधात कालवावी लागेल! मेथीचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेने मधुमेहींवर केलेले मेथीचे प्रयोग गाजले, ते रास्तच. तिथे दिवसाला पंचवीसपासून शंभर ग्रॅमपर्यंत मेथीची पूड देत होते. लोणच्यातल्या चार दाण्यांकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे त्या दाण्यांवर अन्याय आहे. मेथीचे लाडू मात्र बाळंतिणीच्या खुराकात उगीच आलेले नाहीत. तिथे मेथी मुठीने पडते.

लवंग, वेलची, दगडफूल, नागकेशर यांच्या पोषणमूल्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही. ती वासाची माणसं. हिंगाचंही तेच, डबीतला बांधानी हिंग तर बराचसा पीठ आणि डिंकच असतो.

तरी पोषणाच्या हिशेबात वासाला आणि चवीला शून्य मांडू नये. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत के. श्रीनिवासन, कल्पना प्लातेल आणि सहकाऱ्यांनी मसाल्यांवर बरंच काम केलं. २०१० साली त्यांनी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात दाखवलं, की धान्या-डाळींबरोबर कांदा-लसूण असला तर त्यांतलं लोह आणि जस्त जास्त प्रमाणात मोकळं होतं. लिंबाचं ‘क’ जीवनसत्त्वही लोहाला असंच हात देतं. लसणाची चटणी, ठेचलेला कांदा, वर पिळलेलं लिंबू: यांच्या स्वतःच्या लोहाचे आकडे किरकोळ आहेत, पण ज्वारी-बाजरीच्या भाकरीतलं लोह सोडवायला हीच उपयोगी. तक्त्यात या कामाला रकानाच नाही. तसाच रकाना वाचलेल्या मिठाचाही नाही. फोडणी खमंग आणि लिंबू बेताचं आंबट असेल तर आमटीत मीठ कमी चालतं. रक्तदाब असलेल्या घरात हा फायदा जिऱ्यातल्या लोहापेक्षा मोठा.

पोषणाच्या गप्पा मारताना भेसळ विसरून चालत नाही. बांगलादेशात २०१९ साली उघड झालं, की हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना शिसंयुक्त लेड क्रोमेट चोळलं जात होतं. अख्खं हळकुंड आणून घरी दळलं की झालं, हा आपला समज त्यामुळे पुरेसा ठरत नाही. शिसं सालीलाच चिकटलेलं असतं. तिथल्या सरकारने धाडी घातल्या, दंड केले, आणि दोन वर्षांत बाजारातली हळद शिसंमुक्त झाली. गिऱ्हाइकाने एवढं नक्की करावं, की डोळ्यांत भरणाऱ्या चकचकीत पिवळ्यापेक्षा मातकट, मंद रंगाचं हळकुंड निवडावं.

आता फराळाचं ताट समोर असेलच, तर तोही हिशेब करून टाकू. चकलीत ओवा आणि तीळ आहेत, चिवड्यात तळलेला कढीपत्ता आहे. तो बाजूला काढू नका, चुरून खा. अनारशावरची खसखस तर कॅल्शियमच्या तक्त्यात तिळाच्याही वर बसते, शंभर ग्रॅमला १४३८ मिलिग्रॅम. एका अनारशाला ती ग्रॅमभर चिकटते असं धरलं तर एका अनारशामागे चौदा मिलिग्रॅम कॅल्शियम. दिवसाची गरज अनारशांतून भागवायची म्हटली तर सत्तर-एक खावे लागतील. गूळ-तुपाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.