विक्रम क्रिकेटचा, मैदान फुटबॉलचं

चेन्नईच्या वेलचेरीत गुरुनानक कॉलेजचं मैदान आहे. पण तिथे फुटबॉल शोधायला गेलात, तर बहुधा क्रिकेटच बघायला मिळेल. शहरच तसं आहे! फुटबॉलचा मोठा सामना बघायचा असेल, तर वेलचेरी स्टेशनवर लोकल पकडायची आणि थेट पार्क टाउनला उतरायचं. वाटेत चेपॉक लागतं, ते प्रसिद्ध क्रिकेट स्टेडियम स्टेशनला अगदी लागूनच. मुलं तिथेच उतरायचा हट्ट धरतील. धरू द्या. रिपन बिल्डिंगची पांढरीशुभ्र इमारत ओलांडून नेहरू स्टेडियमकडे चालताना त्यांना सांगायला आपल्याकडे एक भारी गोष्ट आहे.

या स्टेडियमचं जुनं नाव कॉर्पोरेशन स्टेडियम. १९५६ ते १९६५ या काळात मद्रासच्या कसोटी चेपॉकला नव्हे, इथे व्हायच्या. जानेवारी १९५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध विनू मांकड आणि पंकज रॉय सलामीला आले आणि दोघांनी ४१३ धावांची भागीदारी केली. मांकडांच्या २३१, रॉय यांच्या १७३. सलामीच्या भागीदारीचा हा कसोटी विक्रम तब्बल ५२ वर्षं टिकला. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मॅकेन्झी आणि स्मिथने ४१५ धावा केल्या, तेव्हा कुठे तो मोडला.

पुढे क्रिकेट चेपॉकला परतलं. १९९३ मध्ये या जागी नवं स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच वर्षी नेहरू चषक फुटबॉल स्पर्धा इथे झाली. २०१४ पासून हे चेन्नईयिन एफसीचं घर. या संघाने इंडियन सुपर लीग दोनदा जिंकली, पण गंमत बघा, दोन्ही अंतिम सामने परक्या मैदानावर! २०१५ मध्ये गोव्याला गोव्यात हरवलं, २०१८ मध्ये बंगळुरूला बंगळुरूत. दोन्ही वेळा ३-२. घरच्या प्रेक्षकांना तो क्षण टीव्हीवरच बघावा लागला.

सामन्याच्या दिवशी निळा टी-शर्ट घाला. खालच्या रांगेची तिकिटं घेण्याची घाई मात्र करू नका. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळाडू लांब पडतात; थोडं वर बसलं की कोण कुठे पळतोय, पास कुठे निघालाय, हे मुलांनाही कळतं. गाणी आणि ढोल हवे असतील तर 'बी स्टँड ब्लूज' किंवा 'सुपरमचान्स' या पाठीराख्यांच्या जवळपास जागा बघा. तमिळ येत नसलं तरी दहा मिनिटांत टाळ्यांचा ठेका जमतो. आजीआजोबा बरोबर असतील तर तिथून जरा लांबच बसलेलं बरं. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पावसाचे दिवस, तेव्हा रेनकोट विसरू नका.

निघण्याआधी वेळापत्रक मात्र नक्की तपासा. जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा हंगामच लटकला होता. संयोजक आणि महासंघ यांच्यातल्या कराराचं घोडं अडलं होतं. क्रिकेटच्या शहरात फुटबॉलला आधीच जागा कमी, त्यात सामनेच झाले नाहीत तर पाठीराख्यांनी ढोल कुणासाठी वाजवायचे? म्हणून सामना आहे असं कळलं की तिकीट काढाच.

आणि हो, वेलचेरीला परतणाऱ्या शेवटच्या लोकलची वेळ पार्क टाउनला उतरतानाच बघून ठेवा.