फोर-के टीव्ही: इंच आधी की फूट आधी?

तर मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: फोर-के घ्यायचाय, ४३ इंची घेऊ की ५५? आपण दुकानात जातो, किंमत विचारतो, कंपनी विचारतो. पण सोफ्यावर बसल्यावर डोळ्यापासून पडदा किती फुटांवर येणार, हे मोजून कोणीच जात नाही. सगळा हिशोब तर तिथून सुरू होतो.

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे चौपट. आता, ते डोळ्याला सुटे दिसले तरच उपयोग ना! चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला असतो. ४३ इंची फुल एचडीचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलो की तो सुटा दिसत नाही. मग ८ फुटांवरून बघताना त्याचे चार तुकडे केले काय नि न केले काय! आणि १० फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला की अंतर साधारण तेवढंच पडतं.

म्हणून ढोबळ गणित असं: बसण्याचं अंतर फुटांत घ्या, पावणेआठाने गुणा. ७ फुटांना ५४ इंच, ८ फुटांना ६२. त्याहून लहान पडद्यावर फोर-केचा बारकावा हळूहळू वाया जातो. (चष्मा विसरून बसणाऱ्यांसाठी हे गणित नाही. हशा.) रंग आणि उजेड-अंधाराचा फरक मात्र लांबूनही कळतो, त्याचा ठिपक्यांच्या संख्येशी संबंध नाही.

पण थांबा, लगेच ६५ इंची घेऊ नका. घरात बघता काय? आजींची मालिका केबलच्या साध्या, एचडी नसलेल्या चॅनलवर येत असेल, तर त्या चित्रात आडव्या ओळी ५७६च. टीव्ही मधले ठिपके अंदाजाने भरतो. मुळात नसलेला बारकावा आणणार कुठून? पडदा जितका मोठा, तितके चेहरे पुसट. अशा घरात ४३ इंची साधा टीव्ही घ्यावा आणि उरलेले पैसे बऱ्यापैकी स्पीकरवर घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवसभर तो टीव्ही बघणार कोण, हेही विचारात घ्यायला नको का?

खरेदीआधी रद्दीचे कागद भिंतीला चिकटवून बघा. इंच म्हणजे कर्ण, त्यामुळे ५५ इंची पडदा ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच होतो. ६५चा सुमारे ५७ बाय ३२. दोन दिवस समोर बसा, मान वर करावी लागते का पाहा. आणि टेबलाची रुंदीही मोजा. बऱ्याच मोठ्या टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात, जुन्या शोकेसवर ते मावत नाहीत.