संगणक की कन्सोल? भिलाईतून दिसणारे खेळांचे भवितव्य

खेळासाठी घरात संगणक घ्यावा की दूरचित्रवाणी संचाला जोडायचे कन्सोल, हा वाद जगभर चित्रांच्या दर्जावरून आणि यंत्राच्या वेगावरून रंगतो. भारतातील मध्यम शहरांत मात्र त्याचा निकाल वेगळ्याच कसोटीवर लागला. यंत्र कशासाठी हवे, याचे वडीलधाऱ्यांना पटेल असे उत्तर संगणकाकडे होते. कन्सोलकडे ते नव्हते.

छत्तीसगडमधील भिलाई हे अशा शहरांचे बोलके उदाहरण आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याभोवती क्रमांकाच्या सेक्टरांची वसाहत वाढत गेली. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्याचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत होता. त्यामुळे विदर्भातून येणाऱ्या मराठी कुटुंबांना हा मुलूख परका नव्हता. ठरलेला पगार, शाळांची बरी सोय आणि मुलांनी अभियंता व्हावे ही घराघरातील आकांक्षा, असे या वसाहतीचे जीवन. देशभर आयआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी हे गाव ओळखले जाऊ लागले, ते याच वातावरणामुळे.

कॅसेटचा काळ

वास्तविक घरात आधी आले ते कन्सोलच. १९९० च्या दशकात जपानी निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकला भारतीय बाजारपेठेत पसरल्या. घरोघरी त्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ हे त्यावरील परवलीचे शब्द होते. एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. हे यंत्र परीक्षेच्या दिवसांत कपाटात बंद होई, कारण खेळण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोगच नव्हता.

संगणकाला हे भय नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो मध्यमवर्गीय घरात आला तो अभ्यासाच्या नावाने, आणि त्याच्या पडद्यावर ‘रोड रॅश’, ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ चालू लागले तरी त्याची प्रतिष्ठा फारशी ढळली नाही. दरम्यान मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ आणि सोनीने एप्रिल २००७ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ भारतात आणले. प्लेस्टेशनची किंमत ३९,९९० रुपये होती. तेवढ्या रकमेत त्या काळी चांगला संगणक येत असे, आणि तो प्रकल्प अहवालही छापून देई.

दोन यंत्रांमागील अर्थव्यवहारही निरनिराळा आहे. कन्सोल हे बंद यंत्र असते. त्यातील प्रत्येक भाग कंपनीने ठरवलेला असतो आणि त्यावर कोणता खेळ चालेल, हेही कंपनीच ठरवते. यंत्र अल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातील वाट्यातून पैसा वसूल करायचा, हा या धंद्याचा पाया आहे. म्हणून खेळ महाग असतात. संगणकाचे सुटे भाग मात्र अनेक कंपन्या बनवतात आणि त्यावर कोणीही खेळ बनवून विकू शकतो. भाग बदलता येतात, धूळ साचली तर गल्लीतला कारागीरही तो उघडून साफ करू शकतो.

संगणकाच्या सरशीचे आणखी एक कारण होते, जे सहसा उघडपणे सांगितले जात नाही. त्यावरचे बहुतेक खेळ चोरीच्या प्रती असत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून निघालेली एक डिस्क मित्रमंडळींच्या हातून साऱ्या वसाहतीत फिरे. कन्सोलमध्ये चोरीची डिस्क चालवण्यासाठी यंत्र उघडून वेगळी चिप बसवावी लागे. खेळ बनवणाऱ्यांचे यात नुकसान झाले हे खरेच. पण एका पिढीला खेळांची गोडी लागली तीही यातूनच.

सतरा-अठरा वर्षे टिकलेला खेळ

संगणकाच्या मोकळेपणाचे सर्वांत चांगले उदाहरण भारतीय खेळाडूंना चांगलेच परिचित आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २००६ मध्ये ‘क्रिकेट ०७’ बाजारात आणला आणि नंतर त्या मालिकेत नवा खेळ काढलाच नाही. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. म्हणजे मूळ खेळात आयपीएलचा एकही संघ असणे शक्य नव्हते. तरीही संगणकावर तो वर्षानुवर्षे खेळला गेला, कारण हौशी तरुणांनी त्याच्या फायली उघडून नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदाने त्यात भरली. कंपनीने सोडून दिलेला खेळ खेळणाऱ्यांनी जिवंत ठेवला. कन्सोलवर सामान्य ग्राहकाला हे सहजासहजी साधत नाही.

पुढे चोरीच्या प्रतींची गरजही कमी होत गेली. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रुपयांत किमती लावल्या, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि ‘व्हॅलोरंट’सारखे मोफत खेळ २०२० मध्ये आले. ‘प्लेस्टेशन ५’ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना उपलब्ध झाले आणि त्याच्या नव्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली. करानेही कन्सोलची बाजू घेतली नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा संगणकावर १८ टक्के आणि कन्सोलवर २८ टक्के कर ठरला. सरकारच्या लेखी एक वस्तू गरजेची होती आणि दुसरी चैनीची. भिलाईतील पालकांचे मत याहून वेगळे नव्हते.

कन्सोलचे गुणही मान्य केले पाहिजेत. त्यात भागांच्या जुळणीची कटकट नाही, खेळ घातला की चालतो, आणि त्या दर्जाची चित्रे देणारा संगणक घ्यायचा तर कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. शिवाय डिस्क होती तोवर ती खेळून झाल्यावर विकता येई किंवा मित्राशी बदलता येई. छोट्या शहरात महाग खेळ परवडण्याचा हाच एक मार्ग होता.

पुण्याचा ‘राजी’

खेळ नुसते खेळायचे की बनवायचेही, हा प्रश्न आला की दोन यंत्रांतील अंतर अधिक स्पष्ट होते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने बनवलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झाला. प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर घडणारी ही एका मुलीची कथा. तिच्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न झाला होता, तो अपयशी ठरला. पुढे खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकनही मिळाले. गंमत अशी की हा खेळ सर्वप्रथम आला तो ‘निन्टेन्डो स्विच’ या कन्सोलवर, ज्याची भारतात अधिकृत विक्रीच होत नव्हती. संगणकावर आणि इतर कन्सोलवर तो ऑक्टोबरमध्ये पोचला. म्हणजे बनला संगणकावर आणि बाजारपेठ शोधायला कन्सोलकडे गेला. ज्या ‘अनरियल’ या साधनावर तो घडवला, ते कोणालाही आपल्या संगणकावर विनामूल्य उतरवून शिकता येते. कन्सोलसाठी खेळ बनवायचा असेल, तर आधी कंपनीची परवानगी आणि तिचे खास यंत्र मिळवावे लागते. ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतलेल्या संगणकाची सबब काहींच्या बाबतीत अशी खरी ठरली.

भिलाईत खेळांविषयी पालकांच्या मनात असलेल्या धास्तीला एक वेगळे कारणही आहे. ‘महादेव’ या ऑनलाइन सट्टेबाजी ॲपच्या प्रकरणातील प्रमुख आरोपी मूळचे याच शहरातील असल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे ॲप बंद करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांच्यात स्पष्ट रेषा आखली. ही रेषा घरातील चर्चेत उतरायला मात्र वेळ लागेल.

यंत्रांमधील सीमा पुसट

यापुढे संगणक आणि कन्सोल हा भेदच क्षीण होत जाणार, अशी चिन्हे आहेत. सोनीने ‘होरायझन झिरो डॉन’ हा आपला गाजलेला खेळ २०२० मध्ये संगणकावर आणला. मायक्रोसॉफ्टने ‘हेलो’ ही एक्सबॉक्सची ओळख असलेली मालिका प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. ‘स्टीम डेक’ हे २०२२ मधील हाती धरायचे यंत्र दिसते कन्सोलसारखे, आत मात्र पूर्ण संगणक आहे.

खरा पेच मालकीचा आहे. डिस्क नाहीशी होत आहे, आणि ऑनलाइन घेतलेला खेळ म्हणजे केवळ वापराचा परवाना. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा खेळ मार्च २०२४ अखेर बंद केला, तेव्हा पैसे देऊन तो घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. याविरुद्ध युरोपात सुरू झालेल्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. या बाबतीत संगणकही निर्दोष नाही. ‘स्टीम’वरील खेळही परवानाच असतो. फरक इतकाच की संगणकावर जुना खेळ सांभाळण्याचे, दुरुस्त करण्याचे मार्ग अजून उघडे आहेत.

यंत्रच नको, खेळ दूरच्या सर्व्हरवर चालवून चित्र तेवढे घरी पाठवू, असेही प्रयोग होत आहेत. गूगलची ‘स्टेडिया’ ही अशी सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. ती भारतात कधी आलीच नव्हती. भिलाईसारख्या शहराला येथे अंतर आडवे येते. शेजारच्या दुर्ग स्थानकापासून मुंबई रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर आहे. सर्व्हर मुंबईत असेल, तर काचतंतूतून प्रकाशाला जाऊन-येऊन किमान अकरा मिलिसेकंद लागतात, वाटेतील यंत्रांचा विलंब वेगळाच. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राला साधारण सतरा मिलिसेकंद मिळतात. बुद्धिबळाला याने काही बिघडत नाही. नेमबाजीच्या खेळात मात्र मुंबईतील प्रतिस्पर्ध्याची गोळी तेवढी आधी सुटते.