एक दगडी खांब आणि त्याच्या तीन आठवणी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार.

खराडी-वाघोलीकडे नोकरी करणाऱ्यांना १ जानेवारी बरोबर माहीत असतो. आदल्या दिवशीच टीमच्या ग्रुपवर मेसेज पडतो: नगर रोडची वाहतूक वळवली आहे, घरून काम करा. का वळवली, असं विचारलं की निम्मे म्हणतात "काहीतरी कार्यक्रम असतो", आणि उरलेले आवाज खाली करतात. आज त्या खाली केलेल्या आवाजाबद्दलच बोलू.

आधी एक फरक. इतिहास म्हणजे काय घडलं, ते पुराव्यानिशी शोधणं. सामूहिक स्मृती म्हणजे त्यातलं काय लक्षात ठेवायचं, हे एखाद्या समाजाने ठरवणं. मॉरिस हाल्बवाक्स नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली हेच मांडलं: आपण एकेकटे आठवत नाही, आपल्या गटाच्या चौकटीत आठवतो. चौकट बदलली की आठवणही बदलते.

भीमा कोरेगावचा जयस्तंभ हे त्याचं अगदी जवळचं उदाहरण. (खरं तर स्तंभ नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. कोरेगाव पलीकडे.)

पहिली आठवण कंपनीची. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची सुमारे ८०० जणांची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचं कितीतरी मोठं सैन्य इथे भिडलं. दिवसभर लढाई झाली, रात्री पेशव्यांचं सैन्य मागे हटलं आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२१ साली स्तंभाचं काम सुरू केलं. हेतू साधा होता: आपला विजय मिरवणं. पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली गेली, आणि त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महार सैनिकांची नावं.

दुसरी आठवण याच नावांतून आली. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या मिळणारी नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर पगार, शिक्षण, मानही गेला. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केले. जुन्या लष्करी सेवेचा पुरावा म्हणून हा स्तंभ कामाला आला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. त्यांचे वडील रामजी सुभेदार होते, म्हणजे ही गोष्ट घरातलीच. तीनच महिन्यांत महाडचा सत्याग्रह झाला. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

आता दगड तोच, पण अर्थ पूर्ण वेगळा. जिंकणाऱ्या कंपनीचं नाव मागे पडलं आणि ज्यांना माणूस म्हणून मोजलं जात नव्हतं, त्यांच्या शौर्याची खूण पुढे आली.

तिसरी आठवण आपल्या काळातली. आज लाखो लोक इथे अभिवादनाला येतात. त्यांच्यासाठी ही लढाई पेशवाईतल्या जातीय अन्यायाविरुद्धची आहे. टीका करणारे म्हणतात, हा तर इंग्रजांचा विजय, तो कसला साजरा करायचा? काही अभ्यासक सांगतात की कंपनीच्या बाजूला मराठा, राजपूत, मुस्लिमही होते, पेशव्यांच्या बाजूला अरबही होते आणि शिपाई पगारासाठी लढत होता. हे तपशील खरेच आहेत. पण म्हणून अभिवादन खोटं ठरत नाही. १८१८ च्या शिपायाच्या मनात काय होतं, हा इतिहासाचा प्रश्न. आज त्याच्या नातवा-पणतवांना तिथे ताठ मानेने का उभं राहावंसं वाटतं, हा स्मृतीचा प्रश्न. आपले बहुतेक वाद हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात.

आणि त्याची किंमत खरी असते. डिसेंबर २०१७ च्या शेवटी जवळच्याच वढू बुद्रुकमध्ये, छत्रपती संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कुणी केले यावरून, एका फलकाचा वाद पेटला. नंतर १ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या दोनशेव्या वर्षी, हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, गाड्या-दुकानं जळाली, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. सुरुवात काय, तर एक पाटी!

म्हणून पुढच्या वेळी 'खरा इतिहास' असा फॉरवर्ड आला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि त्या वेळी त्याला याची काय गरज होती? कोडमध्ये बग सापडला की आपण आधी हिस्टरी बघतो ना, ओळ कुणी आणि कशासाठी बदलली? तेवढीच मेहनत इथेही घ्यायची.

तुमच्या गावातही एखादा पुतळा, चौकाचं नाव किंवा पाटी असेल, जिचा अर्थ आजीला एक वाटतो आणि तुम्हाला दुसरा. तिची गोष्ट आजीलाच विचारा, आणि व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात घेऊ. भेटूया!