घराएवढी गाडी, जिवाएवढी जबाबदारी

गेल्या वर्षी एका रविवारी वंदना संपल्यावर आमच्या वस्तीतील एक ताई विहारातच थांबल्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "भाऊ, पोराला नोकरी लागलीय. पण मला रात्रीची झोप येत नाही."

मुलाला नोकरी लागली की आई पेढे वाटते. ही आई काळजीत का, ते आम्हांला कळेना. मग त्यांनी सविस्तर सांगितले. मुलगा सिनेमाच्या शूटिंगला लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनवर लागला होता. आधी क्लीनर, परवाना निघाला की ड्रायव्हर, असा मालकाचा शब्द. रात्रीचे झोपणे गाडीतच. आणि ताईंनी टीव्हीवर केरळची बातमी पाहिली होती.

ती बातमी अशी. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. गाडीतला जनरेटर सुरू होता. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू आत शिरला आणि त्यानेच दोघांचा जीव घेतला, असे तपासात निघाले. ते दोघे काही सहलीला निघालेले पाहुणे नव्हते. एक त्या गाडीचा चालक आणि दुसरा तिथलाच कर्मचारी. म्हणजे आपल्यासारखेच पोटासाठी राबणारे.

ताईंना आम्ही म्हटले, "नोकरी सोडायला सांगू नका. नोकरी नीट शिकून घ्यायला सांगू." पण सांगणार कोण? आमचे आयुष्य कारकुनीत गेलेले. सुदैवाने आमच्याच गल्लीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. वस्तीतली पोरे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी होकार दिला, मालकानेही सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात गाडी न्यायला परवानगी दिली. चार रविवार आम्हीही वही घेऊन सोबत बसलो. त्या वहीतले थोडे वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्या समाजातील शेकडो तरुण आज मोठ्या गाड्यांवर आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा चाकांवरच्या अशा घरांवर कामाला जाणारी आपली मुलेही वाढतील.

आधी कागद

गाडी दारात उभी आहे म्हणून स्टिअरिंग हातात घ्यायचे नाही, हा पहिला धडा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे व्यावसायिक, म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी चालवण्यास वय २० पूर्ण लागते. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्वी या परवान्यासाठी आठवी पासची अट होती. शिक्षण अर्धवट सुटलेली कितीतरी मुले त्यामुळे आयुष्यभर क्लीनरच राहिली. २०१९ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. अजूनही अनेकांना हे माहीत नाही आणि एजंट त्याचा फायदा उठवतात.

दुसरी गोष्ट वजनाची. साडेसात हजार किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले. पण बसच्या सांगाड्यावर बांधलेली मोठी गाडी त्याहून जड असते. म्हणून आर.सी.वर लिहिलेले एकूण वजन आधी वाचावे, मगच चावीला हात लावावा. परवाना चुकीचा असला आणि अपघात झाला, तर विम्याची भानगड शेवटी गरिबाच्याच गळ्यात येते.

चाळीस फुटांचे शेपूट

पहिल्या रविवारी उस्तादांनी मुलाला गाडीत चढूच दिले नाही. हातात टेप दिली आणि गाडी मोजायला लावली. लांबी चाळीस फूट, रुंदी साडेआठ फूट, छतावरच्या एसीसह उंची साडेबारा फूट. हे तीन आकडे खडूने ड्रायव्हरसमोर लिहून ठेवायला सांगितले. कमानीखाली, रेल्वेच्या पुलाखाली, लोंबत्या तारांखाली आकडा आठवत बसायला वेळ मिळत नाही.

मग मैदानात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या रांगेने मांडल्या. गाडी डावीकडे वळवली की मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, ती आत कापत येतात. आतल्या बाजूच्या चार बाटल्या चिरडल्या. दुसरी गंमत त्याहून वाईट. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा दहा-बारा फुटांचा भाग असतो. गाडी डावीकडे वळते तेव्हा ते शेपूट उजवीकडे बाहेर फेकले जाते. उजवीकडच्या दोन बाटल्या आडव्या. उस्ताद एवढेच म्हणाले, "आतल्या चार बाटल्या म्हणजे फुटपाथवरची माणसं. बाहेरच्या दोन म्हणजे मोटारसायकलवाला." मुलाचा चेहरा उतरला. त्यानंतर त्याने एकही वळण घाईने घेतले नाही.

मागे घेण्याचे शास्त्र वेगळे. आपल्याकडे क्लीनर गाडीच्या बरोबर मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडतो आणि भिंत व गाडी यांच्यामध्ये सापडतो. उस्तादांचा नियम असा की, क्लीनरने कोपऱ्यावर बाजूला, आरशात दिसेल असेच उभे राहायचे. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. एस.टी.च्या घंटीचा हिशेबही असाच आहे.

एअर ब्रेक म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दाबाचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय आणि धोक्याचा आवाज बंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. घाटात ज्या गियरने चढायचे, साधारण त्याच गियरने उतरायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारा माणूस चार रुपये वाचवतो आणि चाळीस जीव पणाला लावतो. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकडत नाहीत.

गाडी थांबली, काम संपले नाही

आम्हांला वाटत होते, गाडी उभी राहिली की ड्रायव्हर मोकळा. या गाडीत मात्र खरे काम तिथून पुढे सुरू होते. कारण ती आता गाडी राहिलेली नसते, घर झालेले असते.

जागा कडक आणि सपाट हवी. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, मऊ भरावावर किंवा विजेच्या तारांखाली गाडी लावायची नाही. हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. ठोकळे नसले तर दगड. पण निघताना ते दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकायचे. आपण सोडलेल्या दगडावर रात्री कुणाची तरी मोटारसायकल चढते.

मग गाडी समतोल करायची. आमच्या वस्तीत गवंडी पुष्कळ. एकाची पाणसळ मागून आणली आणि गाडीच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा मध्ये आला की झाले. खालचे आधाराचे जॅक टेकवताना प्रत्येकाखाली जाड फळी ठेवायची, नाहीतर पाय मातीत रुततो. हे जॅक गाडी डुलू नये म्हणून असतात, चाके उचलण्यासाठी नसतात. आणि गाडी हलवण्याआधी चारही वर घेतले का, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहायचे.

बाहेरून वीज घेताना आकडा टाकायचा नाही. अर्थिंग असलेल्या जोडणीतूनच घ्यायची आणि झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच गाडीत हवाच. वायरचे भेंडोळे पूर्ण उलगडायचे. गुंडाळलेल्या वायरवर एसीचा भार आला की ती तापते आणि वितळू लागते.

गॅस सिलिंडर नेहमी उभा. गाडी धावत असताना रेग्युलेटर बंद. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर वर जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून हवा जायला खालच्या बाजूला जाळी लागते. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून नाही.

ती रात्र

नोकरीला दोन महिने झाले असतील. रात्री शूटिंग लांबले, सगळे गेले, मुलगा आणि त्याचा जोडीदार गाडीत झोपले. उकाडा होता म्हणून जनरेटर लावून एसी सुरू ठेवला. मध्यरात्री मुलाला डोके ठणकून जाग आली. मळमळत होते, पाय उचलत नव्हते. जेवण बाधले असेल असे वाटून तो पुन्हा पडणार होता. पण उस्तादांनी एक वाक्य त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतले होते: बंद गाडीत डोके दुखले तर गोळी शोधायची नाही, दार शोधायचे. त्याने दार लाथेने उघडले, जोडीदाराला काखेत धरून बाहेर ओढले, मोकळ्या हवेत आल्यावर १०८ ला फोन केला. दोघेही वाचले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर जनरेटरच्या धुराच्या नळीचा जोड फरशीखाली सुटलेला होता.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. डोकेदुखी, चक्कर, ओकारी, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला ही लक्षणे कळतही नाहीत. म्हणून जनरेटर किंवा इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपायचे नाही, हा नियम थंडी असो वा उकाडा, मोडायचा नाही. या वायूचा इशारा देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते झोपण्याच्या जागेजवळ लावावे.

आम्ही चार जण मालकाकडे गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. नळी दुरुस्त झाली, यंत्र बसले, आणि रात्री झोपायला बाहेर एक खोली मिळाली. ही खोली म्हणजे मेहेरबानी नाही. कामगाराला झोपायला सुरक्षित जागा हा त्याचा हक्कच आहे. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायदा दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मोटार कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास, आणि सलग पाच तास काम झाले की अर्धा तास विश्रांती असे ठरवले होते. हे तास कागदावर राहण्यासाठी नव्हते. डुलकी लागलेल्या ड्रायव्हरला चांगले ब्रेकही वाचवू शकत नाहीत.

त्या गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधलेली होती. ती जनरेटरच्या कामी आली नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या पोराने सकाळी नारळ नाही, नळी आणि नट-बोल्ट तपासावेत. पाचव्या शीलाचा अर्थ तर ड्रायव्हरइतका कुणाला कळणार? आणि तथागतांनी शेवटच्या उपदेशात ज्या अप्रमादावर भर दिला, तो अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे.

आपल्या यात्रेच्या गाड्या

हे सगळे व्हॅनिटी व्हॅनचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण बस करून जातो. त्या दोन-तीन दिवसांत तीच बस आपले घर असते. सिलिंडर मधल्या वाटेत, आपत्कालीन खिडकीवर गाठोडी, चाकांच्या सावलीत झोपलेली लेकरे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जळून मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर पडली होती. काही जण काच फोडून बाहेर पडले म्हणून वाचले. म्हणून बसमध्ये बसल्यावर सर्वांत आधी आपत्कालीन वाट कुठली ते मुलांना दाखवा.

कापून गाडीत चिकटवण्याची यादी

१. परवाना, आर.सी., विमा सोबत आहे.
२. गाडीची लांबी, रुंदी, उंची समोर लिहिली आहे.
३. सुरू करण्याआधी गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून कुणी झोपले नाही ना ते पाहिले.
४. हवेचा दाब, टायर, दिवे, आरसे पाहिले.
५. गॅस बंद आहे, जॅक वर आहेत, ठोकळे उचलले आहेत.
६. आपत्कालीन वाट मोकळी आहे, काच फोडायची हातोडी जागेवर आहे.
७. ड्रायव्हरची झोप झाली आहे, दारूचा थेंब नाही.
८. मुक्कामी जनरेटर किंवा इंजिन सुरू ठेवून आत कुणी झोपणार नाही.
९. गॅस गळती १९०६, रुग्णवाहिका १०८, इतर संकटात ११२.

मुलगा आता परवाना काढून तीच गाडी स्वतः चालवतो. निघताना ही यादी मोठ्याने वाचतो, म्हणून सोबतचे हसतात. हसू देत. परवा ताई विहारात भेटल्या, तेव्हा आम्ही विचारले, "आता झोप येते का?" त्या म्हणाल्या, "पोरगं गाडीबाहेर झोपतं भाऊ, मग मला घरात झोप येते."

ज्यांच्या घरातले कुणी मोठ्या गाडीवर आहे, त्यांनी आजच त्याला एवढेच विचारावे: बाळा, रात्री तू झोपतोस कुठे?

जयभीम!