मस्टर मोबाइलवर आलं, हालचाल वहीचं काय?

सडक अर्जुनी तालुक्यातलं सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरही. अशा गावात 'अप-डाउन'चे मास्तर हा पारावरचा हक्काचा विषय. प्रार्थनेला कोण होतं, हे मस्टरवरच्या सहीतून कळतंच असं नाही. शनिवारची सही सोमवारीही करता येते.

वेब हजेरीत ही पळवाट बुजते, पण वेळ सर्व्हरची धरली तरच. मोबाइलचं घड्याळ कुणालाही मागे सरकवता येतं. एका शिक्षकाची एका तारखेला एकच नोंद, हे बंधनही थेट डेटाबेसवरच घालावं. रेंज नसेल तर मात्र नोंद फोनमध्येच थांबवावी लागते आणि पहिला नियम वाकतो. मग फोनची वेळ आणि नोंद सर्व्हरला पोहोचल्याची वेळ, दोन्ही जपायच्या.

इथवरचं काम कोणताही बरा प्रोग्रॅमर करेल. खरी गोची 'हजर' आणि 'गैरहजर' या दोनच चौकटींत आहे. केंद्राची शिक्षण परिषद, पंचायत समितीत द्यायची माहिती, मतदार यादीचं काम यांसाठी कागदी कारभारात हालचाल वही असते. ती विसरलेली प्रणाली कामावर असलेल्या मास्तरांना दांडीबहाद्दर ठरवते. 2003च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 15 टक्के शिक्षक शाळेत सापडले नव्हते. ही टक्केवारी राज्यांत सर्वांत कमी होती, पण तिच्यात रजा, सरकारी काम, दांडी सगळं एकत्र होतं. अझीम प्रेमजी फाउंडेशनने 2017 मध्ये सहा राज्यांत कारणं वेगळी काढली, तेव्हा विनाकारण गैरहजर निघाले अडीच टक्के!

उदयपूरकडच्या अनौपचारिक शाळांत तारीख उमटणाऱ्या कॅमेऱ्याने गैरहजेरी 42 वरून 21 टक्क्यांवर आणली, हे खरं. पण तिथे पगारही त्या फोटोंवरच ठरत होता. यंत्राच्या नोंदीवर पगार ठरणार असेल, तर चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोयही तितकीच पक्की हवी. जुनी नोंद पुसायची नाही. कोणी, कधी, का बदलली हे शेजारी राहू द्यायचं. कागदावर काट मारून लघुस्वाक्षरी करतात, तसंच.

द्विशिक्षकी शाळेत आणखी एक पेच. मुख्याध्यापकच बैठकीला गेले, तर त्यांची हालचाल मंजूर कोण करणार? ते बटण केंद्रप्रमुखांच्या पानावर ठेवावं लागेल.